‘माझा कोणी माणूस नाही’: व्यसनाशी आणि एकटेपणाशी झुंजणाऱ्याला प्रार्थनेची सोबत कशी द्यावी

बुधवारची प्रार्थनासभा संपत आलेली असते. पाळकसाहेब विचारतात, “आणखी कोणाचे प्रार्थनाविषय?” मागच्या बाकावरून एक बहीण हळूच म्हणते, “माझ्या भावासाठी प्रार्थना करा. दारू सुटत नाही. घरी एकटाच असतो.” आपण डोळे मिटतो, कोणीतरी मोठ्याने प्रार्थना करतं, सगळे आमेन म्हणतात आणि चपला शोधून घरी जातात. गुरुवारी संध्याकाळी सात वाजता तो भाऊ त्याच खोलीत, त्याच खुर्चीवर एकटा बसलेला असतो.

योहानाच्या पाचव्या अध्यायात बेथेस्दा तळ्याकाठी अडतीस वर्षं आजारी पडून राहिलेला माणूस आहे. येशू त्याला विचारतो, तुला बरं व्हायचंय का? तो ‘हो’ म्हणत नाही, ‘नाही’ही म्हणत नाही. तो सांगतो, पाणी हलतं तेव्हा मला आत उतरवायला माझा कोणी माणूस नाही. व्यसनात अडकलेल्या माणसांकडे गेलं की मला हेच उत्तर वेगवेगळ्या शब्दांत ऐकू येतं. “कोणाला सांगू?” “कोण येणारे?” “सगळे प्रार्थना करतात, घरी कोणी येत नाही.”

आमच्या मंडळीतले आम्ही चार-पाच जण गेली काही वर्षं असं जाऊन बसण्याचं काम करतो. त्यात काय चुकलं, काय जमलं, ते इथे क्रमाने मांडते. तुम्ही पाळक असायला हवं असं नाही. आठवड्यातला एक तास आणि बंद ठेवलेलं तोंड एवढं भांडवल पुरतं.

आधी शरीर

इथे चूक झाली तर जीव जातो, म्हणून हे पहिलं. रोज भरपूर दारू पिणाऱ्याने ती मनाने एकदम बंद करू नये, डॉक्टरांच्या देखरेखीखाली करावी. शेवटच्या घोटानंतर सहा ते चोवीस तासांत हात थरथरायला लागतात, घाम फुटतो, उलट्या होतात, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. त्यानंतर, साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी, काहींना भ्रम होतो. भिंतीवर किडे दिसतात, कोणी हाका मारतंय असं वाटतं, घरची माणसं ओळखू येत नाहीत, अंग तापतं, छाती धडधडते.

आता हेच आपल्या लोकांच्या डोळ्यांनी पाहा. रविवारी उपासनेत त्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना झाली, त्याने सगळ्यांसमोर दारू सोडली, सगळ्यांनी हालेलूया म्हटलं. मंगळवारी रात्री तो किंचाळत अंगावरचे किडे झटकतोय. घरचे म्हणतात, दुरात्मा निघताना छळतोय. उपास धरले जातात, भुतं काढणाऱ्याला बोलावणं जातं. त्या रात्री त्याची जागा हॉस्पिटलात असते. उपचार मिळाले नाहीत तर या अवस्थेत माणूस दगावू शकतो, आणि वेळेत मिळाले तर बहुतेक जण काही दिवसांत शुद्धीवर येतात. १०८ ला फोन करा, रुग्णवाहिकेत त्याच्याशेजारी बसा आणि प्रार्थना तिथे करा. औषधाने भ्रम गेला म्हणून प्रभूचं श्रेय कमी होत नाही. लूक स्वतः वैद्य होता.

डॉक्टर या दिवसांत शांत करणारी औषधं आणि बी-१ जीवनसत्त्व देतात. ते जीवनसत्त्व वेळेत मिळालं नाही तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते, म्हणून ‘गोळ्यांवर विश्वास कशाला ठेवतोस’ असं चुकूनही म्हणू नका. झोपेच्या गोळ्यांची सवय असेल तर त्याही डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणेच कमी कराव्यात. ब्राउन शुगरच्या (भेसळीच्या हेरॉइनच्या) बाबतीत धोका दुसऱ्या बाजूने येतो. काही आठवडे बंद राहिल्यावर शरीराची सहनशक्ती उतरलेली असते, आणि पूर्वीइतकाच डोस पुन्हा घेतला तर श्वास थांबू शकतो. व्यसनमुक्ती केंद्रातून घरी परतल्यानंतरचे पहिले दिवस म्हणूनच जपायचे.

आणखी एक गोष्ट बायकांच्या कुजबुजीतून कळते. भाजीत गुपचूप कालवायची गोळी. डायसल्फिराम नावाचं हे औषध आहे, आणि त्यावर दारू प्यायली तर रक्तदाब कोसळण्यापर्यंत पाळी येते. ते त्याला सांगून, त्याच्या संमतीने, डॉक्टरांनी द्यायचं असतं. एखादी बहीण तुम्हाला हे सांगत असेल तर तिला रागावू नका. ती किती थकली असेल ते समजून घ्या आणि तिला घेऊन डॉक्टरांकडे जा.

परवानगी आणि गुप्तता

ज्याच्यासाठी प्रार्थना करायची त्याला ते माहीत आहे का, हा पहिला प्रश्न. बहिणीने सांगितलं म्हणून त्याचं नाव, त्याची नोकरी गेल्याची बातमी आणि बायको माहेरी गेल्याचा तपशील मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकणं म्हणजे प्रार्थनेचं पांघरूण घालून केलेली चुगली. लहान गावात तर तासाभरात किराणा दुकानापर्यंत पोहोचते. सभेत ‘एक बंधू’ एवढंच म्हणा. देवाला पत्ता ठाऊक असतो.

मग त्याच्याकडे जा आणि सरळ विचारा, “दादा, मी तुमच्यासाठी प्रार्थना केलेली चालेल का? आणि नेमकं काय मागू?” दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा आपल्याला धक्का देतं. आपण धरून चाललेलो असतो की तो म्हणेल, दारू सुटू दे. एकाने मला सांगितलं, “रात्री झोप लागू दे.” दुसरा म्हणाला, “पोरगी फोन उचलू दे.” जे मागितलं तेच मागा. त्यात आपल्या मनाची भर घालू नका.

तो ‘नको’ म्हणाला तर घरी आपल्या खोलीत प्रार्थना करा, आणि त्याच्याकडे चहाला जात राहा.

ऐकायला जाणं

ईयोबाच्या मित्रांना आपण नावं ठेवतो, पण सुरुवातीला ते बरोबर वागले होते. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याशेजारी जमिनीवर बसले आणि एक शब्द बोलले नाहीत. बोलायला लागले तिथे बिघडलं.

पहिल्या दोन-तीन भेटी नुसत्या ऐकण्यासाठी ठेवा. दोघांनी जा. पुरुषाकडे निदान एक पुरुष, बाईकडे बायका. प्यायलेला असेल तर भांडू नका, वचनं ऐकवू नका, “उद्या सकाळी येतो” म्हणून शांतपणे निघा आणि उद्या सकाळी खरोखर जा. शक्यतो सकाळची किंवा दुपारची वेळ धरा.

काय बोलू नये हे मी चुका करून शिकले. “तुमचा विश्वास कमी पडतोय” हे वाक्य ज्याने ऐकलं तो मंडळीत परत येत नाही. “मुलाबाळांकडे तरी बघा” हेही नको, कारण त्यांच्याकडे बघवत नाही म्हणूनच तो पितो. “अमक्याची एका प्रार्थनेत सुटली” हे तर अजिबात नको. कोणाची तशी सुटली असेल तर देवाची स्तुती असो, पण ज्याची पन्नास प्रार्थनांत सुटली नाही त्याला ते दगडासारखं लागतं. त्यापेक्षा विचारा, “आज दिवस कसा गेला? सगळ्यात अवघड वेळ कोणती?” आणि गप्प बसा. शांतता लांबली तर लांबू द्या.

रोमकरांस पत्राच्या सातव्या अध्यायात पौल कबूल करतो की जे करायचं नाही तेच माझ्या हातून होतं. योग्य वेळ आली की हा भाग वाचून दाखवा. मी वाचला तेव्हा एका गृहस्थांनी पुस्तक माझ्या हातातून घेतलं आणि स्वतः पुन्हा वाचलं. “हा पौल म्हणतोय?” असं त्यांनी दोनदा विचारलं.

प्रत्यक्ष प्रार्थना

पाच मिनिटं पुरे. त्याच्या नजरेच्या पातळीवर बसा, उभं राहून वरून बोलू नका. खांद्यावर हात ठेवण्याआधी विचारा. अनेकांना महिनोन्‌महिने कोणी मायेने स्पर्श केलेला नसतो, त्यामुळे काहींना तो हवा असतो आणि काहींना तो सहन होत नाही. आवाज शेजारी ऐकू जाईल इतका चढवू नका. चाळीत आणि वाड्यात भिंती पातळ असतात.

सगळ्यात मोठी खबरदारी अशी की प्रार्थनेतून प्रवचन देऊ नका. “हे प्रभू, या तुझ्या लेकराला कळू दे की आपल्या पत्नीला किती दुःख दिलं” असं आपण म्हणतो तेव्हा डोळे मिटलेल्या माणसावर, त्याला उत्तर देता येणार नाही अशा जागेवरून, आपण बोट रोखत असतो. प्रार्थनेत ‘आम्ही’ वापरा. आपणही त्याच दारात उभे आहोत.

शब्द सुचत नसतील तर या प्रार्थना घ्या आणि आपल्या तोंडच्या भाषेत बदला.

तलफ आली असताना, दोघांनी मिळून म्हणायची:
*प्रभू येशू, आत्ता खूप ओढ लागलीय. आम्ही ती लपवत नाही. हा अर्धा तास तू आमच्याबरोबर बस. उद्याचं उद्या बघू. या घटकेपुरतं धरून ठेव. आमेन.*

रात्री एकट्याने म्हणायची:
*हे बापा, घरात आवाज नाही. मला भीती वाटते आणि लाजही वाटते. तू झोपत नाहीस, म्हणून मला झोपू दे. सकाळी मला उठव. आमेन.*

पुन्हा प्यायल्यावर:
*प्रभू, मी परत पडलो. तुला ते आधीच ठाऊक आहे. मला तोंड लपवायला लावू नकोस. ज्याला मी फोन करणार आहे त्याने तो उचलावा असं कर. आमेन.*

ज्याचा विश्वासच उरला नाही त्याच्यासाठी वेगळी प्रार्थना नाही. त्याला म्हणा, “तुम्ही काही म्हणू नका, नुसते बसा. विश्वासाचा भाग आज आमच्याकडे.” मार्काच्या दुसऱ्या अध्यायात पक्षाघात झालेल्या माणसाला चौघांनी छप्पर उसकटून येशूपुढे खाली सोडलं, आणि येशूने त्यांचा विश्वास पाहिला असं तिथे लिहिलंय. बाजेवरचा माणूस तोवर काही बोललेलाच नाही.

स्तोत्रं निवडताना आनंदाचीच घेऊ नका. १३वं स्तोत्र ‘किती काळ’ असं विचारत सुरू होतं. १०२व्यात छपरावर एकट्या बसलेल्या पाखराचं चित्र आहे. ८८वं तर अंधारातच संपतं, शेवटी उजेड पडतच नाही. एकट्या माणसाला हे वाचून दाखवलं की त्याला कळतं, असं बोलणंही प्रार्थनेत चालतं.

तलफेची घटका आणि फोनची पाळी

बहुतेक तलफा वीस-तीस मिनिटांत चढून ओसरतात. सगळं काम त्या अर्ध्या तासाचं आहे. ती येते कधी हे त्याच्याकडूनच विचारून कागदावर लिहा: पगाराचा दिवस, संध्याकाळी सात ते नऊ, भांडणानंतर, बाजाराच्या दिवशी ठरावीक चौकातून जाताना. व्यसनमुक्तीच्या कामातली माणसं चार गोष्टी सांगतात, ज्यांतली एखादी आली तरी पाय घसरू शकतो: भूक, राग, एकटेपणा, थकवा. ‘१ राजे’ या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात एलीया रानात झुडपाखाली मरण मागत पडला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर दिली, पाणी दिलं आणि झोपू दिलं, असं दोनदा. म्हणून संध्याकाळी सहाच्या सुमारास पोटात काहीतरी असायला हवं. आम्ही एका भावाच्या घरी महिनाभर पाळीने डबा पोहोचवला.

तलफ आली की करायचा क्रम घरच्या दारामागे चिकटवून ठेवा. जागा सोडायची, पाणी प्यायचं, थोडं खायचं, पाळीवरच्या माणसाला फोन करायचा, आणि तो उचलेपर्यंत श्वासाबरोबर म्हणत राहायचं: “प्रभू येशू” आत घेताना, “माझ्यावर दया कर” सोडताना. ही छोटी प्रार्थना पूर्वेकडच्या मंडळ्यांत शतकानुशतकं चालत आलेली आहे. तलफेत लांब वाक्यं आठवत नाहीत, ही आठवते.

फोनची पाळी म्हणजे सात वार आणि सात नावं. सात माणसं नसतील तर तिघांत वाटून घ्या, पण एकाच्याच गळ्यात सगळे वार नकोत. ज्याची पाळी त्याने संध्याकाळी ठरलेल्या वेळी स्वतःहून फोन करायचा. दोन मिनिटांचा. “जेवलात का? आज कसं आहे? एक वाक्य प्रार्थना करू?” बस.

या फोनची ताकद काय असते ते सांगणारी घटना मे १९३५ मधली आहे. अमेरिकेतल्या अक्रॉन शहरात न्यूयॉर्कचा बिल विल्सन कामासाठी आला होता. काम फिसकटलं होतं, दारू सोडून जेमतेम पाच महिने झाले होते, आणि हॉटेलच्या लॉबीत तो एकटा उभा होता. एकीकडे बारमधला हसण्याचा आवाज, दुसरीकडे टेलिफोन आणि शहरातल्या चर्चची यादी. दारूशी झुंजणाऱ्या दुसऱ्या कोणाशी तरी बोलावं म्हणून त्याने एका धर्मगुरूला फोन लावला. एकाकडून दुसऱ्याकडे असं करत तो डॉ. बॉब स्मिथ या दारूत बुडालेल्या सर्जनपर्यंत पोहोचला. पंधरा मिनिटांसाठी म्हणून ठरलेली भेट काही तास चालली. डॉ. बॉब यांनी शेवटचा घोट घेतला तो १० जून १९३५ हा दिवस अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या संघटनेचा स्थापनादिन मानतात. त्या दिवशी त्या धर्मगुरूने फोन उचलला होता.

एकटेपणा

नवख्या मदतनीसांना एक गोष्ट कळत नाही. दारू सुटल्यावर एकटेपणा आधी वाढतो. अड्ड्यावरचे मित्र गेले, संध्याकाळचे तीन तास रिकामे झाले, आणि ज्यांना दुखावलं ती माणसं अजून परतलेली नाहीत. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात मंडळी म्हणते, “आता बरा झाला,” आणि आपण जाणं कमी करतो. नेमकं तेव्हाच नको.

चर्चच्या आवारातला एकटेपणा तर बघण्यासारखा असतो. उपासना संपली की कुटुंबं घोळक्याने उभी राहतात, चहा होतो, लग्नाच्या गोष्टी निघतात. घटस्फोट झालेला, नोकरी गेलेला, बाहेरगावहून आलेला माणूस फाटकापाशी दोन मिनिटं थांबतो आणि निघून जातो. तुमची पहिली कृती इथे. त्याच्या बाकावर शेजारी बसा, आणि रविवारच्या जेवणाला घरी न्या. वेगळं काही शिजवू नका. घरात जे आहे ते, मुलांच्या गोंगाटात.

त्याला काम द्या, पण पैशाचं आणि मानाचं नको. बाकं लावणं, चटया अंथरणं, म्हाताऱ्या आजींना उपासनेला आणणं. मराठी मंडळ्यांना भजनाची मोठी देणगी आहे. नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) अभंगाच्या आणि ओवीच्या चालीत गीतं रचली आणि ती आजही आपण टाळ-तबल्यावर म्हणतो. भजनात बसलेल्याला काही बोलावं लागत नाही, स्वतःची कहाणी सांगावी लागत नाही. टाळ हातात घ्यायचा आणि ठेका धरायचा. बोलण्याची हिंमत नसलेल्या माणसासाठी मी यापेक्षा चांगली जागा पाहिलेली नाही.

मुंबई-पुण्यात खोली घेऊन राहणारे तरुण, आखातात नोकरीला गेलेले भाऊ, रात्रपाळीच्या नर्स बहिणी यांना प्रत्यक्ष भेटता येत नसेल तर रोज ठरलेल्या वेळी फोनवर एक स्तोत्र अर्धं त्यांनी आणि अर्धं तुम्ही वाचा. व्यसन दारूचंच असेल असंही नाही. फोनवरच्या जुगारात रात्री दोन वाजता पगार उडवणारा पोरगाही एकटाच असतो. त्याच्याबाबतीत एक जास्तीचं काम: त्याच्या मर्जीने पैशाचा व्यवहार काही महिने घरच्या विश्वासू माणसाकडे ठेवायचा. तंबाखू-गुटखा सोडणाऱ्यांसाठी १८००-११-२३५६ हा मोफत क्रमांक आहे.

बाहेरची मदत

“ख्रिस्ती माणसाला चर्च असताना केंद्र कशाला?” असं म्हणणारे भेटतात. लाजराला येशूने हाक मारून थडग्याबाहेर बोलावलं, पण त्याच्या हातापायांच्या पट्ट्या सोडायला उभ्या असलेल्या लोकांना सांगितलं. समुपदेशक, मानसोपचारतज्ज्ञ, व्यसनमुक्ती केंद्र हे सगळे पट्ट्या सोडणारे हात.

फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमध्ये कृपा फाउंडेशन सुरू केलं. वसईतही त्यांचं काम आहे. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण उभं केलं. तिथे कोणत्याही धर्माचा माणूस जाऊ शकतो, आणि ख्रिस्ती माणसाने जायला संकोच करू नये. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या मराठीतून चालणाऱ्या सभा राज्यात अनेक ठिकाणी होतात, आणि घरच्यांसाठी अ‍ॅल-अनॉन आहे. पहिल्या सभेला त्याच्याबरोबर दारापर्यंत जा. सरकारी मोफत क्रमांक दोन: व्यसनासाठी १४४४६, मानसिक त्रासासाठी टेलिमानस १४४१६. टेलिमानसवर मराठीत बोलता येतं.

केंद्र निवडताना स्वतः जाऊन बघा. डॉक्टर नेमके कधी येतात? नातेवाइकांना भेटू देतात का? कुलूपबंद खोल्या, मारहाण, ‘प्रार्थनेने बरं करू, औषधं बंद’ असा दावा दिसला तर परत फिरा, पाटीवर क्रूस असला तरी. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार माणसाला साखळीने बांधून ठेवता येत नाही, आणि दारू-अमली पदार्थांशी निगडित मनोविकारही त्या कायद्यात येतात.

घरातली माणसं

त्याच्यासाठी प्रार्थना करताना आपण त्याच्या बायकोला विसरतो. तिच्याकडे वेगळं जा. मारहाण होत असेल तर “सोसून घे, देव पाहतोय” हे शब्द तोंडातून निघता कामा नयेत. तिची आणि मुलांची सुरक्षित राहण्याची जागा आधी ठरवा. १८१ हा महिलांसाठीचा क्रमांक आणि तातडीला ११२ तिच्याजवळ असू द्या. दूर राहून नवऱ्यासाठी प्रार्थना करता येते, आणि ती तितकीच खरी असते. मुलांना एवढं सांगा, की बाबांचं पिणं तुमच्यामुळे नाही. हे त्यांना कोणीच सांगितलेलं नसतं.

त्याला रोख पैसे देऊ नका. किराणा भरा, शाळेची फी शाळेत भरा. कामावर फोन करून “तब्येत बरी नाही” असं त्याच्या वतीने खोटं सांगू नका.

घसरला तर

बहुतेक जण एकदा तरी घसरतात. हे आधीच बोलून ठेवा, अगदी चांगल्या दिवसांत: “घसरलात तर त्याच रात्री फोन करायचा. आम्ही रागावणार नाही.” मग फोन आल्यावर खरोखर रागावू नका. विचारा, किती प्यायलात, अजून किती जवळ आहे, सोबत कोण आहे, अंगात थरथर आहे का. दुसऱ्या दिवशी दोघं मिळून कागद काढून बघा, आदल्या दिवशी काय घडलं होतं. तीन वेळा नाकारणाऱ्या पेत्रासाठी येशूने समुद्रकाठी विस्तव पेटवून न्याहारी केली होती. प्रश्न नंतर विचारले, जेवण झाल्यावर.

इथे आमची मोठी चूक सांगते. एका भावाला दारू सोडून चाळीस दिवस झाले तेव्हा आम्ही त्याला साक्षीला, म्हणजे सगळ्यांसमोर आपला अनुभव सांगायला, उभं केलं. लोक रडले, फोटो निघाले, शेजारच्या दोन मंडळ्यांनी बोलावलं. दोन महिन्यांनी तो पुन्हा प्यायला, आणि मग चर्चच्या फाटकातून आत येणं त्याला जमेना, कारण सगळ्यांनी त्याला बरा झालेला म्हणून पाहिलं होतं. सहा महिने तो आला नाही. तो परत आला तो सकाळच्या झाडलोटीच्या वेळी, कोणी नसताना, आणि तिथूनच आम्ही पुन्हा सुरुवात केली. आता वर्ष झाल्याशिवाय आम्ही कोणालाही साक्षीला उभं करत नाही, आणि त्यानंतरही तो स्वतः म्हणाला तरच.

जीव नकोसा झालाय असं म्हणाला तर

सरळ विचारा, “जीव द्यायचा विचार येतो का?” विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही. उलट कोणीतरी बोलल्याने ओझं हलतं. उत्तर ‘हो’ असेल तर त्याला एकटं सोडू नका, शेतीची औषधं आणि गोळ्या घरातून हलवा, घरच्या एका जबाबदार माणसाला कळवा, १४४१६ लावा किंवा थेट हॉस्पिटलात न्या. गुप्ततेचं वचन इथे लागू नाही, आणि हे पहिल्या भेटीतच सांगून ठेवलेलं बरं. नरकाची भीती घालू नका. त्या क्षणी तो ती भीती आधीच भोगत असतो.

सणवार आणि प्रभुभोजन

प्रभुभोजनात न आंबवलेला द्राक्षरस आहे की आंबवलेला द्राक्षारस (वाइन), हे पाळकसाहेबांना आधी विचारून त्याला सांगा. घोटभर द्राक्षारसानेही जुनी तलफ जागी होऊ शकते. फक्त भाकर घेतली तरी तो सहभागी झालाच. नाताळात घरची वाइन आणि रम घातलेला केक यांपासून त्याला कोणी टोकणार नाही अशा रीतीने दूर ठेवा. २४ तारखेची रात्र आणि ३१ डिसेंबर या दोन रात्री त्याच्या पाळीत दोन माणसं लावा.

तुम्ही स्वतः

एकट्याने हे काम घेऊ नका. दर पंधरवड्याला पाळीवरची माणसं एकत्र बसा, आपापला राग आणि थकवा मोकळेपणाने बोला, एकमेकांसाठी प्रार्थना करा. वहीत फक्त तारीख, भेटीची वेळ आणि त्याने मागितलेला प्रार्थनाविषय लिहा. तपशील लिहू नका, वही हरवू शकते. ज्याची पाळी जमेना त्याने आठवडाभर आधी सांगून बाजूला व्हावं. न सांगता चुकलेला एक फोन त्याच्या मनात फार मोठा होतो.

आणि भेटी कमी करायची वेळ येते तेव्हा एकदम थांबवू नका. आम्ही रोजचा फोन सहा महिन्यांनी आठवड्यातून तीनदा करतो, वर्षाने एकदा. कोणत्या तारखेपासून कमी होणार ते त्याला महिनाभर आधी सांगतो, आणि कोणता वार ठेवायचा हे तो ठरवतो.